वाचकांचे प्रश्न : भ्रष्टाचार वाटतो किती आणि असतो किती

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही बर्लिनमधली संस्था दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत 'भ्रष्टाचार धारणा निर्देशांक' प्रसिद्ध करते. मग दोन दिवस कुठला देश वर गेला आणि कुठला घसरला याच्या बातम्या चालतात. या यादीचा प्रत्यक्षातल्या लाचखोरीशी संबंध किती, असं विचारणारे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : 2022 च्या यादीत भारत 85 वा होता, 2023 मध्ये 93 वा. एका वर्षात आठ पायऱ्या खाली येण्याइतकं काय घडलं? स्पर्धा परीक्षेत विचारलं तर कारण काय लिहावं?

आधी गुण पाहा, क्रमांक नंतर. 2022 मध्ये 100 पैकी 40 गुण होते, 2023 मध्ये 39 (0 म्हणजे अतिभ्रष्ट, 100 म्हणजे अगदी स्वच्छ). गेला तो एकच गुण. यादीच्या मधल्या पट्ट्यात देशांची इतकी दाटी असते की एका गुणाच्या फरकाने सात-आठ देश पुढे सरकतात. वरच्या टोकाला अगदी उलट. 2023 मध्ये पहिल्या डेन्मार्कचे 90 गुण होते आणि दुसऱ्या फिनलंडचे 87. तिथे तीन गुण गमावले तरी क्रमांक फार तर एकाने हलतो.

प्रत्येक देशाच्या गुणासोबत संस्था त्रुटीची मर्यादाही देते, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते, आणि बहुतेक देशांची ही मर्यादा एका गुणापेक्षा मोठी असते. म्हणून 40 चे 39 होणं हा बदल आहे की निव्वळ मोजमापातली थरथर, हे सांगताच येत नाही. 2012 ते 2024 या काळात भारताचे गुण 36 ते 41 यांच्यामध्येच फिरत राहिले (2024 मध्ये 38 गुण, 96 वा क्रमांक). परीक्षेत 'गुणांत अर्थपूर्ण बदल नाही' हेच खरं उत्तर आहे, ते उत्तरतालिकेत असेल-नसेल.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. पहिली यादी 1995 ची, तिच्यात 41 देश होते. आता 180 च्या आसपास असतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या क्रमांकांची तुलना निरर्थक. दुसरी चूक आलेख काढणाऱ्यांची. 2012 मध्ये पद्धतच बदलली, 0 ते 10 ऐवजी 0 ते 100 अशी मोजपट्टी आली. जुन्या आकड्यांना दहाने गुणून नव्यांना जोडलेली रेघ दिसली की तो आलेख बाजूला ठेवावा.

प्रश्न : हे गुण देतं कोण? सामान्य माणसाला विचारतात का?

नाही. संस्था या यादीसाठी कुणालाच प्रश्न विचारत नाही. 12 संस्थांनी आपापल्या कामासाठी केलेली 13 मूल्यांकनं ती गोळा करते. त्यांत जागतिक बँकेचं धोरणांचं मूल्यांकन असतं, इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटचे जोखीम अहवाल असतात, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात, जर्मनीतलं बर्टल्समान प्रतिष्ठान आणि लोकशाही मोजणारा व्ही-डेम हा संशोधन प्रकल्प यांच्या तज्ज्ञांची मतं असतात. म्हणजे गुण येतात ते विश्लेषक, अभ्यासक आणि व्यावसायिक यांच्याकडून.

प्रत्येक मूल्यांकनाची मोजपट्टी वेगळी, म्हणून ती आधी एका मापात आणतात. 2012 हे आधारवर्ष धरून सरासरी 45 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 20 येईल असं रूपांतर होतं. मग एखाद्या देशासाठी जेवढे स्रोत मिळाले असतील त्यांची साधी सरासरी काढतात. किमान तीन स्रोत नसतील तर तो देश यादीत येत नाही.

यातून काही गोष्टी ओघाने येतात. आठ-नऊ स्रोत असलेल्या देशाचे गुण स्थिर असतात, तीन स्रोतांवर उभ्या असलेल्या देशाचे हेलकावतात. एखादा स्रोत बंद पडला किंवा नव्याने आला, तर देशात काहीही न घडता गुण बदलतात. स्रोतांची माहिती मागच्या दोन वर्षांतली चालते, त्यामुळे गेल्या महिन्यातल्या घोटाळ्याचा या वर्षीच्या गुणांशी संबंध जोडू नये. आणि मोजायचा असतो तो फक्त सरकारी क्षेत्रातला भ्रष्टाचार. खाजगी बँकेतून काळा पैसा फिरवणं, गुप्त खाती, करचुकवेगिरी हे सगळं यादीच्या बाहेर राहतं.

काही जण म्हणतात की जागतिक बँकेचा 'भ्रष्टाचार नियंत्रण' निर्देशांकही हेच दाखवतो, म्हणजे दोन साक्षीदार झाले. तसं नाही. साधारण उणे 2.5 ते अधिक 2.5 या पट्टीवरचा तो निर्देशांकही अशाच मतांची गोळाबेरीज आहे आणि दोघांचे बरेच स्रोत एकच आहेत. एकाच साक्षीदाराचा जबाब दोनदा नोंदवल्यासारखं ते होतं.

प्रश्न : ज्यांनी खरोखर लाच दिली त्यांनाच विचारलं, तर क्रमवारी तशीच लागते का?

टोकाच्या देशांत बरीचशी तशीच लागते, मध्ये मात्र चांगलीच विस्कटते. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल 2003 पासून 'ग्लोबल करप्शन बॅरोमीटर' नावाचं लोकांचं सर्वेक्षणही करते. त्यातला कळीचा प्रश्न साधारण असा : गेल्या 12 महिन्यांत पोलीस, न्यायालय, सरकारी रुग्णालय, शाळा, ओळखपत्रं आणि वीज-पाण्यासारख्या सेवांपैकी कशाशी तुमचा संबंध आला का? आला असेल, तर पैसे, भेटवस्तू किंवा इतर काही द्यावं लागलं का? लाचेचं प्रमाण काढतात ते संबंध आलेल्यांपैकी, सगळ्या लोकसंख्येपैकी नव्हे. बातम्या लिहिणारे नेमकं हेच विसरतात.

2020 च्या आशियातल्या फेरीत 17 देशांतले सुमारे 20,000 लोक होते. त्यात भारतातलं लाचेचं प्रमाण 39 टक्के, म्हणजे सगळ्यांत जास्त निघालं. सगळ्यांत कमी जपान आणि मालदीवचं, 2 टक्के. आता धारणा निर्देशांक बघा. 2023 मध्ये भारत आणि मालदीव यांना एकसारखे 39 गुण होते, दोघेही 93 व्या क्रमांकावर. फेऱ्यांची वर्षं वेगळी आहेत हे मान्य, पण तीन वर्षांच्या अंतराने एवढी दरी भरत नाही. मालदीवमध्ये खिडकीवरचा कारकून क्वचित पैसे मागतो आणि तरीही तज्ज्ञ त्या देशाला कमी गुण देतात. याचं कारण वरच्या मजल्यावर आहे. तिथे 2014-15 मध्ये पर्यटनासाठी बेटं भाडेपट्ट्याने देऊन ती रक्कम वळती केल्याचं प्रकरण प्रचंड गाजलं. ते घरोघरी विचारलेल्या प्रश्नावलीत उमटणार तरी कसं? बेट भाडेपट्ट्याने घ्यायला सामान्य नागरिक जातो थोडाच.

उलटा नमुना ब्रिटनचा. 2013 मध्ये युरोपीय संघाने घेतलेल्या सर्वेक्षणात तिथल्या 1,115 जणांपैकी फक्त पाच जण म्हणाले की आमच्याकडून लाचेची अपेक्षा केली गेली. पण 64 टक्के लोकांना देशात भ्रष्टाचार बोकाळलाय असं वाटत होतं. हे लोक खोटं बोलत नव्हते. पहिला प्रश्न स्वतःच्या अनुभवाचा होता. दुसऱ्याचं उत्तर पक्षांच्या देणग्या, खासदारांनी लावलेली खर्चाची बिलं आणि वर्तमानपत्रं यांतून येतं.

अनुभवाच्या सर्वेक्षणाचीही आंधळी बाजू आहे. दलालामार्फत काम झालं तर माणूस 'फी दिली' म्हणतो, त्यातले किती टेबलाखालून गेले ते त्याला ठाऊक नसतं. पैसे देणं परवडणार नाही म्हणून जो कार्यालयाची पायरीच चढला नाही, तो मोजलाच जात नाही. वशिला तर वेगळाच विचारावा लागतो. 2020 मध्ये भारतात सरकारी सेवांशी संबंध आलेल्यांपैकी 46 टक्के लोकांनी ओळखीचा वापर केल्याचं सांगितलं. हाही आशियातला सर्वांत मोठा आकडा. नुसती रोख लाच मोजली असती तर तो दिसलाच नसता.

प्रश्न : तज्ज्ञांना देशाची नाडी कळत नाही का? मग त्यांची मतं अनुभवापासून दूर का जातात?

बऱ्याचदा श्रीमंती दिपवते. देश श्रीमंत असेल, लोकशाही जुनी असेल, तर लाचेचा अनुभव तेवढाच असूनही तज्ज्ञ त्याला अधिक स्वच्छ मानतात. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाशी तज्ज्ञांची मतं ताडून अर्थशास्त्रज्ञ दोंचेव आणि उइहेयी यांनी 2014 मध्ये हेच दाखवलं.

आफ्रिकेत एक सुरेख प्रयोग झाला. पश्चिम आफ्रिकेतली सात शहरं आणि मादागास्करची राजधानी इथल्या कुटुंबांना लाचेचा अनुभव विचारला. मग तज्ज्ञांना सांगितलं की या कुटुंबांनी काय उत्तरं दिली असतील त्याचा अंदाज करा. तज्ज्ञांनी लाचेचं प्रमाण प्रत्यक्षाच्या कितीतरी पट धरलं, आणि लोकांना लाच चालते असंही मानलं. प्रत्यक्षात बहुतेक लोक तिच्या ठाम विरोधात होते.

दुसरं कारण संगतीचं. मूल्यांकन करणारा एका अहवालावर काम करताना इतर संस्थांचे अहवाल आणि गेल्या वर्षीचा निर्देशांकच वाचत असतो. एकदा चिकटलेली प्रतिमा त्यामुळे वर्षानुवर्षं पुसली जात नाही.

प्रश्न : मग सरळ खटले आणि शिक्षा मोजाव्यात. त्या तर कागदावर असतात.

त्यातून तपास यंत्रणा किती जागी आहे ते कळतं, भ्रष्टाचार किती ते नाही. पाचशे खटले असलेला देश जास्त भ्रष्ट असेल किंवा त्याचे तपास अधिकारी जास्त स्वतंत्र असतील. शून्य खटले असलेल्या देशाबद्दल तर अधिकच सावध राहावं.

प्रश्न : ब्राझीलने एवढी मोठी कारवाई केली, तरी त्याचे गुण घटले. हा अन्याय नाही का?

'लावा जातो' हा तपास मार्च 2014 मध्ये सुरू झाला. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या कंत्राटांमधली टक्केवारी त्यातून उघडी पडली. 2014 मध्ये ब्राझीलचे गुण 43 होते, 2015 मध्ये 38 झाले आणि 2018 पर्यंत 35. चोरी मात्र तपासाच्या आधीच्या वर्षांत झालेली होती. तेव्हा गुण बरे होते, कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

अन्याय म्हणायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण यंत्रणा चालते ती अशीच : उघडकीला आलं की धारणा बिघडते. म्हणून एखाद्या देशाचे गुण एकदम चार-पाचने पडले तर पहिला प्रश्न असावा की तिथे चोरी वाढली की चोर सापडले? वृत्तपत्रांवर दडपण असलेल्या देशाचे गुण स्थिर दिसले तर हाच प्रश्न उलटा विचारावा. याचा एक वाईट परिणामही होतो. चार वर्षांची मुदत असलेल्या सरकारला मोठा तपास सुरू करणं धारणेच्या हिशेबात तोट्याचं ठरतं, कारण गुण लगेच जातात आणि सुधारणेचं श्रेय पुढच्याला मिळतं.

प्रश्न : डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी खरंच स्वच्छ आहेत, की भ्रष्टाचार बाहेर पाठवून मोकळे झालेत?

दोन्ही. डेन्मार्कमधल्या नागरिकाला दाखल्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत हे खरंच आहे, त्यात दिखावा नाही. पण डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून 2007 ते 2015 या काळात सुमारे 200 अब्ज युरोंचे व्यवहार झाले, त्यांतले बरेचसे संशयास्पद, आणि डिसेंबर 2022 मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. बँक खाजगी, पैसा परक्यांचा. त्यामुळे डेन्मार्कच्या सरकारी क्षेत्राच्या गुणांवर ओरखडाही आला नाही.

जर्मनीच्या सीमेन्सने अनेक देशांत लाच दिल्याबद्दल 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे 1.6 अब्ज डॉलर भरले. स्वीडनच्या तेलियाने उझबेकिस्तानातल्या प्रकरणात 2017 मध्ये 96 कोटी डॉलरहून जास्त रकमेची तडजोड केली, एरिक्सनने 2019 मध्ये एक अब्जाहून अधिक. लाच घेणारा देश यादीत खाली जातो, देणाऱ्या कंपनीचा देश वरच राहतो. याहून आश्चर्य म्हणजे परदेशातली लाच जर्मनीत 1999 पर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत होती. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा लाचविरोधी करार त्याच वर्षी अमलात आला. अमेरिकेने असा कायदा 1977 मध्येच केला होता, पण त्यातही काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ रकमांना सूट आहे. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात ती नाही.

लाच देणाऱ्या देशांची यादी निघालीच नाही असं मात्र नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने 1999 ते 2011 या काळात अधूनमधून ती काढली. पुढे बंद केली, आणि आमच्या मते हे मोठं नुकसान आहे.

प्रश्न : मतं नकोत, अनुभव नकोत. प्रत्यक्ष भ्रष्टाचार मोजता येतो का? कसा?

येतो, पण एका वेळी एका जागी आणि घाम गाळून. सगळ्यांत नेटकं काम इंडोनेशियातलं. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी 608 गावांतले नवे रस्ते निवडले. अभियंत्यांनी रस्त्यात ठिकठिकाणी खणून नमुने काढले आणि वाळू, खडी, दगड किती वापरले ते मोजलं. आसपासच्या विक्रेत्यांकडून साहित्याचे भाव घेतले, मजुरांकडून मजुरी आणि दिवस. यातून रस्त्याचा खरा खर्च निघाला. तो कागदोपत्री दाखवलेल्या खर्चातून वजा केला की उरते ती 'गायब' रक्कम. बांधताना काही माल वाया जातोच, तो चोरीत धरला जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः छोटे रस्ते बांधून ती तूट मोजली. सरासरी सुमारे 24 टक्के खर्च गायब होता.

मग त्याच गावांतल्या लोकांना विचारलं : या रस्त्यात पैसे खाल्ले गेले असं वाटतं का? लोकांचा अंदाज दिशेने बरोबर होता, पण फार क्षीण. गायब रक्कम 10 टक्क्यांनी वाढली तर 'खाल्ले' म्हणणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम 0.8 टक्क्याने वाढत होतं. भाव फुगवलेला लोकांना चटकन कळत होता, कारण बाजारभाव सगळ्यांना माहीत असतो. वापरलेल्या मालाचं प्रमाण कागदावर फुगवलेलं कळत नव्हतं, कारण खडीचा थर किती जाड आहे ते वरून दिसत नाही. आणि चोरी बहुतेक सगळी मालाच्या प्रमाणातच होती. ज्या गावांत वेगवेगळ्या वांशिक गटांचे लोक एकत्र राहत होते तिथे संशय जास्त होता आणि गायब रक्कम कमी. एकमेकांवर विश्वास नसल्याने ते लक्ष ठेवत असावेत, असा अर्थ संशोधकाने लावला. धारणा आणि वास्तव कुठे फुटतात हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा अभ्यास क्वचितच सापडेल. याच प्रकल्पात, लेखापरीक्षण होण्याची शक्यता 4 टक्क्यांवरून 100 टक्के केली तेव्हा गायब खर्च आठ टक्के-बिंदूंनी कमी झाला.

दुसरा मार्ग पैशाचा माग काढण्याचा. युगांडात 1991 ते 1995 या काळात केंद्राने शाळांसाठी पाठवलेलं अनुदान आणि शाळांच्या वह्यांत जमा झालेली रक्कम यांचा मेळ घातला. शाळांपर्यंत सरासरी 13 टक्के पोचलं होतं, बहुतेक शाळांना तर काहीच नाही. पुढे किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात झाली. 2001 मध्ये पोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास गेला. ही वाढ सगळी वर्तमानपत्रांमुळेच झाली का यावर वाद आहे, कारण त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या.

तिसरा मार्ग म्हणजे शेजारी बसून पाहणं. इंडोनेशियातल्याच आचे प्रांतात सर्वेक्षक ट्रकमध्ये चालकाशेजारी बसले. 304 फेऱ्यांत पोलीस, सैनिक आणि वजनकाटे यांना दिलेल्या 6,000 हून अधिक बेकायदा रकमा त्यांनी टिपल्या. बंडखोरांशी झालेल्या शांतता करारानंतर सैन्य मागे गेलं आणि नाके कमी झाले, पण उरलेल्या नाक्यांवरचा दर वाढला. 'किती वेळा लाच द्यावी लागली' एवढंच विचारणाऱ्या सर्वेक्षणाला इथे फक्त सुधारणा दिसली असती.

आणि एक गमतीचा, पण गंभीर अभ्यास. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना पार्किंगचा दंड भरण्याची सक्ती करता येत नव्हती. 1997 ते 2002 मध्ये दीड लाखाहून जास्त दंड थकले, एकूण 1 कोटी 80 लाख डॉलरहून अधिक. अर्थशास्त्रज्ञ फिसमन आणि मिगेल यांनी ते देशवार मांडले. कुवेतच्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे वर्षाला सुमारे 246, आणि स्वीडन, नॉर्वे, जपान, कॅनडा यांचे शून्य. धारणा निर्देशांकात खाली असलेल्या देशांचे दंड एकंदरीत जास्त होते, म्हणजे त्या यादीत तथ्य आहे. पण 2002 मध्ये नंबरप्लेट काढून घेण्याचा आणि दंडाची रक्कम त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून कापण्याचा अधिकार आला, तशी थकबाकी जवळपास 98 टक्क्यांनी घटली. माणसं तीच होती आणि त्यांचे देशही तेच.

अलीकडे सरकारी निविदांच्या माहितीवरूनही अंदाज बांधतात. एकच निविदा आली, जाहिरातीची मुदत फार कमी ठेवली, किंवा अटी एकाच कंपनीला बसतील अशा शिवल्या, तर धोका जास्त. याला पुरावा म्हणू नये. एखादं यंत्र जगात एकच कंपनी बनवते तेव्हा निविदाही एकच येते.

प्रश्न : महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांकडून लाचेच्या अनुभवाचं छोटं सर्वेक्षण करून घ्यायचं आहे. प्रश्न कसे असावेत? लोक खरं बोलतील का?

प्रश्नात 'भ्रष्टाचार' आणि 'लाच' हे शब्द आणूच नका. आधी गाळणी लावा : गेल्या 12 महिन्यांत अमुक कार्यालयाशी संबंध आला का? 'हो' म्हणणाऱ्यालाच पुढचं विचारा : ठरलेल्या शुल्काखेरीज काही द्यावं लागलं का? रोख, वस्तू आणि उपकार वेगवेगळे विचारा. कुणी मागितलं की आपणहून दिलं, कामाआधी की नंतर, साधारण किती, आणि तक्रार केली का, एवढं पुरे. कर्मचाऱ्याचं नाव विचारू नका आणि उत्तर देणाऱ्याचंही लिहू नका. लोक दोन वर्षांपूर्वीची घटना 'गेल्याच वर्षी' म्हणून सांगतात, तेव्हा मुदतीची सुरुवात एखाद्या सणाने किंवा निवडणुकीने पक्की करून द्या.

नमुना ठरवताना फसगत इथे होते : 1,000 जणांना विचारलं, पण पोलिसांशी संबंध आलेले 400 निघाले आणि त्यांतल्या 20 टक्क्यांनी पैसे दिले. आता त्रुटी 400 वर मोजायची, ती येते अधिक-उणे 4 टक्के. विद्यार्थ्यांनी एकाच वस्तीतल्या लागोपाठच्या घरांत विचारलं असेल तर ती 5-6 पर्यंत जाते.

खरं बोलण्यासाठी फाशाची युक्ती वापरता येते. उत्तर देणारा फासा झाकून टाकतो. 1 पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं, 6 पडला तर 'नाही', आणि 2 ते 5 पडला तर खरं उत्तर. कुठलं 'हो' फाशाचं आणि कुठलं खरं हे विचारणाऱ्याला कळतच नाही. समजा 600 जणांत 240 'हो' आले. 100 'हो' आणि 100 'नाही' फाशाचे धरा. उरलेल्या 400 खऱ्या उत्तरांत 140 'हो', म्हणजे 35 टक्के. याची किंमत अचूकतेत मोजावी लागते : सरळ प्रश्नात त्रुटी अधिक-उणे 4 असती, इथे ती 6 होते. बिघडतं ते असं की निर्दोष माणसाला खोटं 'हो' म्हणायला नको वाटतं आणि 1 पडूनही तो 'नाही' म्हणतो. 'हो'चं प्रमाण 16-17 टक्क्यांच्या बरंच खाली गेलं तर नियम पाळला गेला नाही हे जवळपास नक्की. आधी निरुपद्रवी प्रश्नावर दोन-तीनदा सराव करून घ्या.

दुसरी युक्ती यादीची. अर्ध्या लोकांना चार साध्या गोष्टींची यादी द्यायची, उरलेल्या अर्ध्यांना त्याच चार अधिक 'जादा पैसे दिले' ही पाचवी. कुठल्या ते नाही, फक्त किती लागू होतात तो आकडा विचारायचा. दोन गटांच्या सरासऱ्या 1.8 आणि 2.1 आल्या तर 30 टक्के. कागदावर छान दिसतं, पण प्रत्येक गटात 300 जण असतील तर त्रुटी 16 टक्क्यांपर्यंत जाते. 1,000 माणसं प्रत्येक गटात जमवता येत नसतील तर या वाटेला जाऊ नका, फासा बरा.

प्रश्न : निर्देशांक स्वतः तपासून पाहायचा तर काय उघडायचं?

संस्थेच्या संकेतस्थळावर गुणांसोबत एक्सेलची फाईल मिळते. देशाच्या ओळीत आधी गुण, मग स्रोतांची संख्या, प्रमाण त्रुटी (गुणातल्या अनिश्चिततेचं माप) आणि वरची-खालची मर्यादा पाहा. दोन देशांच्या मर्यादा बऱ्याच एकमेकांवर आल्या तर त्यांना बरोबरीचे धरा. उजवीकडच्या रकान्यांत प्रत्येक स्रोताचे गुण असतात. गेल्या वर्षीची फाईल शेजारी उघडून कुठला रकाना रिकामा झाला, कुठला भरला आणि बदल एकाच स्रोतातून आला की सगळ्यांतून ते ताडून पाहा. एका देशाला पंधरा मिनिटं पुरतात.